तांबेरा पाळणारी

कुणी कोंबड्या पाळतं, कुणी मांजर पाळतं. ही बाई तांबेरा पाळायची. गव्हाच्या पानावर येणारा तो नारिंगी रोग, जो शेतात नुसता दिसला तरी भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं, त्याची ही रोज सकाळी जाऊन विचारपूस करायची. बरा आहेस ना, खायला मिळतंय ना, उकडत नाही ना. संशोधन केंद्रातले लोक तिला तांबेरेबाई म्हणायचे आणि आपल्या बायकापोरांना तिच्यापासून चार हात लांब ठेवायचे, जसा काही तो माणसांनाच लागणार होता. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट बसच्या रांगेत बरं पडतं, म्हणायची.

आता कुणीही विचारेल, की बाई, रोग कशाला पाळायचा? तर नवा गहू तयार झाला की त्याला तांबेरा लागतो का नाही हे आधी बघावं लागतं, आणि त्यासाठी हाताशी ताजा तांबेरा लागतो. ही बुरशी मोठी नवाब. बाटलीत नीट वाढत नाही, मेलेल्या पानाला तोंड लावत नाही, जिवंत हिरवं पान हवं म्हणजे हवंच. मग तिच्यासाठी एक गरीब जातीचा गहू सतत पेरत राहायचा, ज्याच्या अंगात प्रतिकाराचं नाव नाही. तो लालभडक होऊन मान टाकायच्या आत पुढची कुंडी तयार ठेवायची. एक फेरी चुकली की खेळ खलास. तांबेरेबाईच्या हातून तो खेळ कधी खलास झाला नाही. लेकीच्या लग्नातसुद्धा ती पाहुण्यांच्या पंगती सोडून काचघरात पाणी घालून आली होती.

तिचा नवरा मात्र दुसऱ्या टोकाचा माणूस. तो संकर करायचा. म्हणजे गव्हाच्या ओंबीतली कोवळी फुलं चिमट्यानं एकेक उघडायची, आतले पुंकेसर उचलून टाकायचे, दुसऱ्या गव्हाचे पराग आणून त्यावर झटकायचे आणि वर कागदी पिशवी चढवायची. त्यांची ओळखही त्या चिमट्यावरच झाली. ती तेव्हा रोजंदारीवर नवीन होती. फूल उघडता उघडता तिनं तीन ओंब्यांचा भुगा केला, तेव्हा हा मागे येऊन म्हणाला, "त्या फुलानं तुमचं काय घोडं मारलंय?" ती इतकी चिडली की आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही, आणि त्या आठवड्यात एकही फूल बिघडवलं नाही. पुढं लग्न झालं. तिला कायमची नोकरी मिळाली ती तांबेऱ्याच्या काचघरात. कायमची नोकरी म्हटल्यावर दोघांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. त्या आनंदात कुणी नियम वाचतंय कशाला?

नियम असा होता, की जो तांबेऱ्यात काम करतो त्यानं स्वच्छ बियाण्याच्या शेतात पाऊल टाकायचं नाही. बीजाणू म्हणजे पिठाहून बारीक. केसांत बसतात, चपलेच्या शिवणीत बसतात, कानात बसतात. हे ठीक होतं, एका आवारात दोघं असताना ती कुंपणाच्या अलीकडे आणि तो पलीकडे असा डबा खायचे आणि लोक हसायचे. पण मग केंद्रानं वर डोंगरात एक ठाणं उघडलं. खाली ऊन तापतं तेव्हा वर गारवा असतो, त्यामुळं गव्हाचं आणखी एक पीक निघतं. थंडीत तिथल्या बंद काचघरात संकर चालतात. गव्हाला एका वर्षात दोन जन्म मिळाले, आणि ते जन्म घालायला तिच्या नवऱ्याला वर पाठवलं. तेव्हा लेक शाळेत जायला लागली होती. आता तिला स्वतःचं मूल आहे, आणि हा अजून वरच.

"मग तू जा की वर भेटायला," असं तिला नवीन माणूस हमखास म्हणायचा, आणि तांबेरेबाई कपाळाला हात लावायची. जाणार कशी? वर डोंगरात एक काटेरी झुडूप आहे. तांबेरा त्याच्यावर पोचला की तिथं त्याच्या दोन जातींचं मीलन होतं आणि नवीनच अवलाद जन्माला येते, कुठला गहू तिला आवरेल सांगता येत नाही. म्हणून तांबेऱ्याच्या माणसांना डोंगर बंद. रजा असो, आजारपण असो, बंद. "बघा म्हणजे," ती म्हणायची, "त्या मेल्याला वर जाऊन लग्न लावायची मुभा, आणि माझं लावून झालंय तरी मला मनाई." सगळे हसायचे. तीही हसायची. मग घरी जाऊन आंघोळ करताना कधीकधी तिला हसल्याचा राग यायचा.

तो वर्षातून दोनदा यायचा, बियाणं घेऊन आणि बियाणं न्यायला. त्या तेवढ्या दिवसांत घराची दोन खोल्यांची जागा भरून जायची. त्याची ओली बनियन दोरीवर, त्याचा चष्मा खिडकीत, त्याचं खाकरणं. ती कामावरून आली की मागच्या न्हाणीत कपडे काढून, केस धुऊन, नखं घासून मगच आत यायची, कारण त्याला पुन्हा वर जायचं असे. कितीदा तरी ओल्या केसांनी त्याच्यासमोर बसून तिला वाटायचं, आता हा काहीतरी बोलेल. तो बोलायचा गव्हाचं. अमुक ओळीची, म्हणजे एका संकरातून निघालेल्या गव्हाच्या घराण्याची, उंची जास्त झाली, तमुक ओळ लवकर फुलली. फोनवरही तेच. ती संध्याकाळी फोन कानाला लावून त्याच्या खोलीचा नकाशा मनात मांडत बसायची, कारण ती खोली तिनं जन्मात पाहिली नव्हती. उतरतं छप्पर आहे हे तिला माहीत होतं, कारण एकदा त्याचं डोकं आपटलं होतं. चूल दाराजवळ आहे, कारण फोनवर बोलताना तो चूल विझतेय, दार लावा म्हणून ओरडायचा. पलंग कुठल्या भिंतीला आहे ते मात्र इतक्या वर्षांत कळलं नाही, आणि विचारायची तिला लाज वाटायची.

"आई, बाबांना तुझी आठवण येते का गं?" लेक एकदा सरळच म्हणाली. लेकीची जीभ आईवर गेली होती.

"त्यांना ओंबीची येते," तांबेरेबाई म्हणाली. "मी ओंबी असते तर पिशवी घालून जपलं असतं."

विनोद चांगला होता, पण लेक हसली नाही.

तो वर अडकला होता तो एका हट्टापायी. गव्हाच्या अंगात तांबेऱ्याला अडवणारी जनुकं असतात. तो समजावून सांगायचा, की एक जनुक म्हणजे दारावर बसवलेला एक पहारेकरी, आणि त्याला एकच चोर ओळखता येतो. चोरानं सोंग बदललं की पहारेकरी त्याला सलाम ठोकतो. एकेका पहारेकऱ्याच्या भरवशावर सोडलेले वाण असेच चार-सहा वर्षांत बसले. म्हणून त्याला एकाच गव्हात तीन पहारेकरी बसवायचे होते. तिघांना एकदम फसवायला तांबेऱ्याला तीन सोंगं एकदम घ्यावी लागतील, आणि ते सोपं नाही. ऐकायला बरं वाटतं. करायला अर्धं आयुष्य गेलं. एक जनुक रानटी गवतातून आणलेलं, त्याच्याबरोबर नको ते सगळं गवतही गव्हात आलं. ते काढता काढता त्याचे केस पिकले. मागच्या खेपेला बियाण्याची पोती गाडीत चढवताना तो म्हणाला होता, "ही ओळ तांबेऱ्यातून पास झाली ना, की मी खाली. बियाणं वाढवायचं काम खालच्या शेतात आहे. साहेबांशी बोलणं झालंय."

एवढंच बोलला आणि पोत्याची गाठ तपासायला लागला. तिनं मात्र ते वाक्य घरी नेलं. दाराची कडी दुरुस्त करून घेतली, त्याच्यासाठी उंच उशी शिवली, शेजारणीला उगाच म्हणून गेली की आता दूध जास्त लागेल. इतकी वर्षं तिनं स्वतःला आवरून धरलं होतं. आता आवरेना. रस्त्यानं जाताना समोरून एखादं म्हातारं जोडपं भाजीची पिशवी दोघांत धरून चाललेलं दिसलं की ती थांबून बघत राहायची.

आणि पास करायचं कुणी? तर हिनंच. त्या ओळीची रोपं तिच्या काचघरात आली. पहिलं पान बोटभर झालं की ओल्या बोटांनी ते हळूच चोळायचं, म्हणजे वरचा मेणाचा थर निघतो. मग त्यावर बीजाणू फवारायचे आणि ट्रे रात्रभर दमट पेटीत ठेवायचा, कारण पानावर दव असल्याशिवाय तांबेरा आत शिरत नाही. पेटीतलं पाणी जरा कमी ठेवलं असतं तर काम फत्ते झालं असतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिच्या मनात ते आलं, आणि आलं म्हणून तिनं स्वतःवर संतापून पेटीत दुप्पट पाणी ओतलं. सकाळी तिच्या विभागाच्या मॅडमनी पेटी उघडली तर आत धुक्यात हात दिसेना.

"अगं, रोपांना बुडवतेस का?" मॅडम म्हणाल्या. त्या वयानं तिच्याहून लहान, पण शिकलेल्या आणि मनानं मोकळ्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. ट्रे बाहेर काढताना त्यांनीच हलक्या आवाजात म्हटलं, "होईल गं नीट."

बाजूला गरीब जातीच्या गव्हाचा ट्रे होता. तो ठरल्या वेळी लालेलाल झाला, म्हणजे तांबेरा जोमात होता, फवारणी चोख झाली होती. आणि नवऱ्याची ओळ? हिरवीगार. पानांवर नुसते फिकट ठिपके. ते ठिपके म्हणजे चांगलं लक्षण. बुरशी आत शिरते तिथं पान आपल्याच अंगाचा तेवढा कण मारून टाकतं, की घे, आता खा काय खायचं ते, आणि बुरशी उपाशी मरते. तांबेरेबाई भिंग घेऊन एकेक पान उलटत गेली. स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ. तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण गाणं येत नव्हतं, म्हणून ती नळाला शिव्या देत होती.

ट्रेच्या कोपऱ्यातल्या कुंडीत तिला तो दिसला.

एका पानावर, फिकट ठिपक्यांच्या मधोमध, एकच फोड. बारीक, फुगीर, नारिंगी. तिनं भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. तिला वाटलं, दुसऱ्याच गव्हाचा एखादा दाणा चुकून मिसळला असेल. पण तसं असतं तर ते अख्खं पान लाल झालं असतं. इथं बाकीचे सगळे बीजाणू त्याच पानावर मेले होते आणि हा एकटा जगला होता. म्हणजे पान तेच, पहारेकरी तेच, चोर नवा.

मॅडम बैठकीला गेल्या होत्या. काचघरात ती आणि पंखा. फोड केवढा, तर मोहरीच्या दाण्याहून लहान. अंगठ्याचं नख टेकवलं की संपला. पान पुसून घेतलं की डाग नाही. मग ओळ पास, आणि नवरा घरी. उंच उशीवर डोकं टेकून रोज, रोज घरी. ती त्या फोडाशी भांडली, अगदी तोंडानं. "कोण रे तू? मी तुला इतकी वर्षं खाऊ घातलं, तुझ्यासाठी लेकीच्या लग्नातून उठून आले, आणि तू माझ्याच मुळावर उठलास? जरा थांबला असतास तर तुझं काय जात होतं?" तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि हात धुतल्याशिवाय डोळे पुसता येत नव्हते. नख त्या पानापाशी नेऊन ती उभी राहिली.

मग तिनं काचेची उभी नळी घेतली, कंदिलाच्या काचेसारखी, आणि कुंडीवर उपडी घातली. अशा एकट्या फोडाचे बीजाणू इतरांत मिसळू नयेत म्हणून तसं करतात. का केलं, हे तिला विचारून उपयोग नाही. वाण बाहेर पडून चार वर्षांनी शेतंच्या शेतं बसली असती, हे तिला माहीत होतं. पण त्या क्षणी तिनं ते सगळं मनात आणलं, असं म्हणणं खोटं होईल. हात गेला आणि काच ठेवली. त्या हाताचा तिला इतका राग आला की घरी जाईपर्यंत तो तिनं पदराखाली दाबून धरला होता.

मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "खात्री करायला हवी. याचाच तांबेरा वाढवून त्याच ओळीवर पुन्हा टाकू. तू नको करूस हवं तर. मी करते."

"तुमच्या हातून मरेल तो," तांबेरेबाई म्हणाली. "मीच करते."

आणि बघा, काय वेळ असते. ज्या एका फोडानं तिचं घर मोडायला घेतलं होतं, त्याला तिनं तळहाताच्या फोडासारखं जपलं. त्याचे बीजाणू ब्रशनं टिपून ताज्या रोपावर घेतले. दव दिलं, सावली दिली, पंख्याचा वारा लागू दिला नाही. संध्याकाळी नवऱ्याचा फोन यायचा. "ट्रे कसा आहे?" तो विचारायचा. "अजून कळायचंय," ती म्हणायची. "थांबा जरा." तो बरं म्हणायचा आणि वरच्या ओळींची उंची सांगायला लागायचा. तिला वाटायचं फोन भिंतीवर आपटावा.

फोड वाढले, बीजाणू पुरेसे झाले, आणि तिनं ते त्याच्या ओळीच्या नव्या ट्रेवर फवारले. ट्रे लाल झाला. सगळाच्या सगळा, अगदी गरीब गव्हासारखा. मॅडमच्या म्हणण्यानं तिघांतले दोन पहारेकरी आधीच फितूर झाले असणार, आपल्याला कळलं नव्हतं. हा जो एकटा उरला होता त्यालाही या नव्यानं गुंडाळलं. म्हणजे पुन्हा नवं जनुक शोधायचं, पुन्हा संकर, पुन्हा पिढ्या. पुन्हा डोंगर. मॅडम फोन उचलायला लागल्या तेव्हा तांबेरेबाईनं त्यांचा हात धरला. "हे मी सांगते," ती म्हणाली.

घरी येऊन, आंघोळ करून, ओल्या केसांनी ती जमिनीवर बसली आणि फोन लावला. पहिल्यांदा तिनं लावला होता. एरवी तोच लावायचा.

"ओळ गेली," ती म्हणाली. मग सगळं सांगितलं, क्रमानं, जसं मॅडमना सांगते तसं. कोपऱ्यातली कुंडी, एकटा फोड, काच, नवा ट्रे.

"ऐकताय ना?"

"फोड एकच होता?" त्यानं विचारलं.

"एकच."

"सुरुवातीला तू एकटीच होतीस तिथं?"

"हो. मॅडम बैठकीला होत्या."

दार लावा म्हणून तो आज कुणाला ओरडलाही नाही. मग एकदम म्हणाला, "मी असतो ना तिथं, तर नखानं चिरडला असता."

"काहीतरीच काय बोलता!" ती म्हणाली. "तुम्ही? दाण्याला चीर पडली तर तुम्हाला जेवण जात नाही."

"चिरडला असता गं. शपथेवर सांगतो. आणि संध्याकाळची गाडी धरली असती." मग तो थांबेना. "मी पेटी भरून ठेवलीय. अंथरूण बांधून ठेवलंय. दोन आठवडे नुसत्या घोंगडीवर झोपतोय. रोज तुला फोन करतो आणि ट्रेचं विचारतो, कारण दुसरं काही विचारलं तर रडू येईल असं वाटतं. मला इथं करमत नाही. पहिल्या वर्षापासून करमत नाही."

तांबेरेबाईच्या तोंडून फुटला तो रागच फुटला. "आणि हे आज सांगताय? आज? पोरगी नांदायला गेली, माझे दात हलायला लागले, आणि आज सांगताय होय?"

"आधी सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून वर आली असतीस."

"आले असते!" ती ओरडली. "लगेच आले असते!"

"म्हणूनच," तो म्हणाला.

ती रडायला लागली. तो ऐकत राहिला. जरा वेळानं तिनं पदरानं नाक पुसलं आणि इतक्या वर्षांत जे विचारायचं राहून गेलं होतं ते विचारलं.

"पलंग कुठल्या भिंतीला आहे तुमचा?"